येडशीच्या फाट्यावर ऑइलचा हिशेब

येडशीचा फाटा. मे महिना. सकाळचे साडेनऊच वाजलेत, पण गॅरेजचा पत्रा आत्ताच तापलाय. सोलापूर-धुळे महामार्गावरून कंटेनर सुसाट जाताहेत. लातूर-बार्शी रस्त्याची वाहनं हॉर्न वाजवत एकमेकांत अडकलीत. उसाचा हंगाम कधीच आटोपलाय, पेरणीला अवकाश आहे. गाड्यांची कामं काढायचे हेच दिवस. लिंबाखाली रांग लागलीय : दोन ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, येरमाळ्याला भाविक नेणारी जीप आणि सगळ्यात पुढे एक पिकअप.

पिकअपवाला खाली उतरता उतरताच सांगून मोकळा होतो, "मिस्त्री, ऑइल लई खातीय. रिंगा टाकून द्या."

मिस्त्री बॉनेटला हातही लावत नाहीत. "लई म्हंजे किती? किती किलोमीटरला?"

तो गप्प. गेज खाली गेलं की डबा ओततो. लिहून कोण ठेवतंय?

पोरं गाडी ढकलत सपाट फरशीवर घेतात. इंजिन बंद. आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही, ऑइल चेंबरमध्ये उतरू द्यायचं. चहा येतो. टँकरवाला तेवढ्यात आपलं गाऱ्हाणं मांडतो. किलोमीटर फारसे पडत नाहीत, तरी ऑइल कमी होतं. मिस्त्री हसतात. विहिरीवर टँकर भरताना पंपासाठी इंजिन तासन्‌तास चालू असतं. "तुझा हिशेब तासावर धर, किलोमीटरवर नको."

गेज बाहेर येतं. चिंधीनं पुसून पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ऑइल खालच्या खुणेला टेकलंय. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभराचं. मिस्त्री एक थेंब अंगठ्यावर घेऊन चोळतात, नाकाशी नेतात. डिझेलचा वास नाही. डिझेल इंजिन थोडं ऑइल खातंच. पण 1000 किलोमीटरला लिटरभराच्या वर जायला लागलं, तर कारण शोधावं लागतं.

आधी गळती. हेल्पर पोत्यावर पाठ टेकून खाली सरकतो, बॅटरीचा झोत फिरवतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं सील, चेंबरचा बूच. सगळीकडे धूळ, पण कोरडी. ऑइल झिरपत असतं तर तिथं काळा राडा झाला असता. म्हणजे बाहेर जात नाही, आतच जळतंय.

सेल्फ मारतात. रेस देताच सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, डोळे चुरचुरतात. काळा असता तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल.

"घाट चढताना मारती, का उतरून आल्यावर ॲक्सिलेटर दाबला की?"

"चढताना. माल असला की जास्तच."

उतरून आल्यावर मारला असता, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय गेला असता. लोडवर मारतो, म्हणजे रिंगा नाहीतर टर्बो. ऑइलची टोपी काढून मिस्त्री वर तळहात धरतात. धक्‌ धक्‌ गरम वाफ हातावर आदळते. पिस्टनच्या बाजूनं दाब खाली येतोय.

ऊन आता फरशीवर आलंय. टर्बोचा पाइप सुटतो. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला जातो. खेळ नाही. टर्बो सुटला. एअर क्लीनरकडून येणाऱ्या रबरी पाइपात मिस्त्री बोट घालतात. बाहेर येतं ते पिठासारख्या करड्या धुळीनं माखून. फिल्टरच्या पुढच्या पाइपात धूळ? पाइप उजेडात वाकवल्यावर क्लिपखालची चीर उघडी पडते. नखाएवढी.

हीटर प्लग निघतात, कॉम्प्रेशन गेज लागतं. हेल्पर खडूनं पत्र्यावर आकडे लिहितो : 410, 400, 290, 405. तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडतात. सगळे कान देतात. फुस्स आवाज ऑइलच्या टोपीतून येतोय. व्हॉल्व्ह नाहीत, रिंगच.

"मी तेच म्हणत हुतो," पिकअपवाला म्हणतो.

"बराबर म्हणत हुतास. पण रिंगा टाकल्या असत्या अन्‌ ह्यो पाइप तसाच ऱ्हायला असता, तर?"

उत्तर पाइपातच आहे. ऊसवाटांची धूळ फिल्टरला बगल देऊन चिरेतून आत जाते. तिच्यातले वाळूचे कण रिंग आणि लायनर घासतात. नव्या रिंगाही तशाच घासल्या असत्या. खर्च दुपटीनं, दोष मिस्त्रीच्या माथी.

टँकर पुढे सरकतो.

तुमची गाडी ऑइल खातेय असं वाटलं, तर आधी एक करा. सपाट जागी, थंड इंजिनवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर वहीत टिपा. 1000 किलोमीटर झाले की पुन्हा मोजा. एअर फिल्टरचा पाइप क्लिप सोडून एकदा तपासा. वही घेऊन गॅरेजला जा. इंजिन खोलायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा.