साठ जणांची सिंध विधानसभा

मुंबई इलाख्याचा कारभार एके काळी पार कराचीपर्यंत चालत असे. इंग्रज सेनापती नेपियरने 1843 मध्ये सिंध जिंकला आणि चार वर्षांनी तो मुंबईला जोडला गेला. भाषा वेगळी, जमीनधाऱ्याची रीत वेगळी, तरी सिंधचे प्रतिनिधी मुंबईच्या कायदेमंडळात येऊन बसत. सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि सर शाहनवाज भुट्टो तर मुंबई सरकारात मंत्रीही होते. पुढे सिंधचा वेगळा प्रांत करावा अशी मागणी झाली. तिला विरोध होता तो मुख्यतः दोन कारणांनी: सक्करच्या बंधाऱ्याचे कर्ज डोक्यावर असताना खर्च भागणार कसा, आणि अल्पसंख्य हिंदूंचे काय होणार. अखेर 1 एप्रिल 1936 रोजी सिंध प्रांत झाला.

पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. जागा 60, त्यांत 33 मुस्लिम, 18 सर्वसाधारण, 2 स्त्रियांच्या, उरलेल्या युरोपीय, व्यापारी, जमीनदार आणि कामगार यांच्या. मताचा हक्क मोजक्यांनाच होता. तरीही लारकान्यात, स्वतःच्या बालेकिल्ल्यात, भुट्टो हरले. त्यांना हरवणारे शेख अब्दुल मजीद सिंधी हे वर्तमानपत्राचे संपादक. एवढ्या मोठ्या जमीनदाराला पत्रकाराने पाडावे, ही त्या निवडणुकीतली सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटते.

भुट्टोंचा युनायटेड पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण गव्हर्नर लान्सलॉट ग्रॅहम यांनी सरकार बनवायला बोलावले ते मूठभर आमदार असलेल्या हिदायतुल्लांना. सभागृहाची पहिली बैठक एप्रिल 1937 मध्ये कराचीच्या चीफ कोर्टाच्या इमारतीत भरली. स्वतःची इमारत 1942 मध्ये मिळाली. भोजसिंग पहलाजानी सभापती झाले, जेठी सिपाहीमलानी उपसभापती.

पक्षांची वीण सैल, त्यामुळे चार-पाच आमदार इकडचे तिकडे झाले की मंत्रिमंडळ कोसळे. हिदायतुल्लांचे सरकार वर्षभरात गेले आणि अल्लाबक्ष सूमरो मुख्य प्रधान झाले. हिंदू-मुस्लिम दोघांना बरोबर घेऊन चालणारा हा माणूस त्या सभागृहाचा खरा मानकरी. 1942 च्या ‘छोडो भारत’ चळवळीवरील दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी सरकारी किताब परत केले, तेव्हा गव्हर्नर ह्यू डाऊ यांनी त्यांना बडतर्फ केले. सभागृहात ते हरले नव्हते. निवडून आलेल्या सरकारची दोरी कोणाच्या हाती आहे, हे त्या दिवशी उघड झाले. 1935 च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना दिलेल्या स्वायत्ततेवर याहून कठोर टीका दुसरी नाही. पुढच्या मे महिन्यात शिकारपूरला सूमरोंचा खून झाला. त्याच्या आधीच, 3 मार्च 1943 रोजी, जी. एम. सय्यद यांनी मांडलेला पाकिस्तानचा ठराव याच विधानसभेने संमत केला होता.

या सभागृहाच्या उपसभापती जेठीबाई फाळणीनंतर मुंबईला आल्या, निर्वासितांच्या घरांसाठी झटल्या आणि पुढे महाराष्ट्र विधान परिषदेच्या उपसभापती झाल्या.