शेजारच्या मशीनवर कोण हवा?

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटायची वेळ. बाहेर कंपनीची बस उभी. सीएनसी मशीनवर धातू कापणारं इन्सर्ट झिजत चाललंय, त्यामुळे जॉबचं माप हळूहळू सरकतंय आणि ऑपरेटरने दोनदा ऑफसेट देऊन ते सांभाळलं आहे. पुढच्या शिफ्टच्या माणसाला त्याने ‘भाऊ, इन्सर्ट संपत आलंय, पंचवीसेक जॉब झाले की बदलून घ्या’ एवढं सांगितलं, तर लाइन सुरळीत चालते. न सांगता निघाला, तर रात्री रिजेक्शनचा ढीग लागतो.

1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनवणारे उद्योग वाढत गेले. छत्रपती संभाजीनगरच्या या पट्ट्यात टार्गेटचा ताण रोजचाच. अशा ठिकाणी ईर्ष्येने पळणारा सहकारी बरा की निवांत स्वभावाचा, याबद्दल बऱ्याच समजुती रूढ आहेत.

गैरसमज : प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढे धावला की एकूण उत्पादन वाढतंच.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी कोंबड्यांवरच्या प्रयोगात सर्वाधिक अंडी देणारी एकेक कोंबडी न निवडता, अख्ख्या पिंजऱ्याची कामगिरी पाहून पुढची पिढी निवडली. 1996 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. काही पिढ्यांतच वार्षिक मरतुक 68 टक्क्यांवरून 8.8 टक्क्यांवर आली, तर कोंबडीमागे वर्षाची अंडी 91 वरून 237 झाली. एकमेकींना टोचणं कमी झालं, तिथे सगळ्यांचंच उत्पन्न वाढलं. माणसांचा हिशेब इतका सरळ नसतो, हे खरं. तरीही कर्मचाऱ्यांना एकमेकांशी तोलून श्रेणी देण्याची सक्ती मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये सोडली, ती एकत्रित कामावर भर देण्यासाठीच.

गैरसमज : जिथे चुकांची नोंद कमी, ती टीम चांगली.

वस्तुस्थिती : रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना संशोधक एमी एडमंडसन यांना उलटंच चित्र दिसलं. ज्या वॉर्डांत आपसांतले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चूक लपवत नव्हती, असा अर्थ पुढे स्पष्ट होत गेला. 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या 51 टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे बोलायची भीती नव्हती, तिथे माणसं जास्त शिकत होती आणि त्याचा फायदा कामगिरीला होत होता.

गैरसमज : निवांत सहकारी मिळाला की ताण हलका.

वस्तुस्थिती : शांत स्वभाव वेगळा, ढिलाई वेगळी. ढिला माणूस स्वतः निवांत राहतो आणि त्याचे राहिलेले जॉब शेजाऱ्याच्या माथी येतात. मोकळेपणाला कामाच्या चोख अपेक्षांची जोड लागतेच, हे एडमंडसनही आवर्जून मांडतात.

गैरसमज : स्पर्धक एकमेकांना हात देत नाहीत.

वस्तुस्थिती : याच शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी 2010 मध्ये एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्यांची एकगठ्ठा खरेदी केली, एकेकट्याने गेल्यावर जी सवलत मिळाली नसती, ती मिळवली. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्येही चाचणी-तपासणीच्या सामाईक सुविधा आहेत. एकाच ऑर्डरसाठी झगडणारे लघुउद्योजकही त्या वापरू शकतात.

टीम निवडायला बसलेल्या सुपरवायझरने म्हणूनच आधी हँडओव्हरचं रजिस्टर उघडावं. रोज ‘सर्व ठीक’ लिहिणारे कोण, हे त्यात दिसेल. ‘माप वरच्या बाजूला सरकतंय, इन्सर्ट बदला’ असं लिहिणाराही दिसेल. मग तो रोज टार्गेटच्या पुढे पळणारा असो वा चहाला निवांत बसणारा, पहिलं नाव त्याचं घ्यावं.