रानडुकरांचा बंदोबस्त : एकट्यानं नव्हे, शिवारानं



भुईमुगाच्या शेंगा भरल्या, मक्याची कणसं दुधावर आली, की रात्री शिवारात कोण येतं, हे तुम्हांला सांगायला नकोच. सकाळी बांधावर जावं, तर नांगर फिरवल्यासारखी जमीन उकरलेली! रानडुक्कर खातं थोडं, तुडवतं फार.

हे जनावर आवरत का नाही? एक तर ते झपाट्यानं वाढतं. डुकरीण सुमारे 115 दिवसांनी विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज देते. दुसरं, त्याचं नाक. जमिनीखालची शेंगसुद्धा ते वासानं काढतं. दिवसा उसात किंवा नाल्याकाठच्या वेड्या बाभळीत दडायचं आणि रात्री कळपानं निघायचं, असा त्याचा क्रम. बुजगावण्याला, डब्यांच्या आवाजाला ते चार दिवस भितं, पुढं सरावतं. मक्याभोवती एरंडाच्या दाट ओळी लावल्या, तर त्या उग्र वासात मक्याचा वास लपतो आणि थोडा आळा बसतो.

काहीजण चिडून कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतात. हे कदापि करू नका! रात्री पाणी धरायला निघालेला शेजारीच त्या तारेला लागायचा. अशानं माणसं गेली आहेत. सौर कुंपणाचं तसं नाही. त्यात वीज सलग वाहत नाही. साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका बसतो. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. मात्र खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी आणि तिला गवत टेकता कामा नये. टेकलं की वीज जमिनीत जाते आणि झटका मंदावतो.

डुक्कर मारायचं झालं, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. नुकसान झालं, की लगेच वनखात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच राहू द्या.

पण मंडळी, एकट्यानं कुंपण घातलं, तर डुक्कर जातं कुठं? शेजारच्या रानात! म्हणून हे काम साऱ्या शिवाराचं आहे. गुरुजी, इथं तुमची मदत हवी. फळ्यावर शिवाराचा नकाशा काढा. रात्री कुणाच्या रानात उकरलं, ते मुलांना रोज विचारून खूण करा. पंधरवड्यात कळपाची वाट ध्यानात येईल. त्या बाजूची झुडपं तोडा, तिथंच सामाईक कुंपण घाला आणि राखणीच्या पाळ्या लावा.

नांगरटीला आपण इर्जिक घालत आलो. आता राखणीलाही घालू या. रामराम.