टाइल बसवा, पण धूळ सांभाळा

सोमवारी सकाळी ओपीडीत एक गृहस्थ आले. दोन्ही हातांची बोटं लालबुंद, काही ठिकाणी साल निघालेली. कारागीर मिळेना, म्हणून रविवारी त्यांनी ओट्यामागच्या भिंतीला स्वतःच टाइल्स बसवल्या होत्या. "सिमेंटचा माल हातानंच लावला. तेव्हा काहीच झालं नाही, रात्री आग सुरू झाली," ते म्हणाले. बोलताना खोकतही होते. घरी त्यांच्या आईला दम्याचा त्रास; तिला तर रात्री नेब्युलायझर द्यावं लागलं होतं.

हातांचं कारण सोपं आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३. सुरुवातीला ते फारसं झोंबत नाही आणि इथेच माणूस फसतो. काही तासांनी त्वचा भाजल्यासारखी होते. शिवाय सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते. म्हणून रबराचे हातमोजे घाला. सुती मोजे भिजतात आणि सिमेंट त्वचेला चिकटवून ठेवतात. अंगठी काढून ठेवा. माल अंगावर पडला तर भिजलेले कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धुवा. डोळ्यात गेला तर लगेच नळाचं पाणी तितकाच वेळ सोडा आणि थेट रुग्णालय गाठा. डोळा चोळू नका. दूध, तूप, एरंडेल काहीही घालू नका.

आईच्या दम्याचं कारण मात्र दिसत नव्हतं. कटर मशीनने कोरडी टाइल कापली की जो पांढरा धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. तिचे घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात. नाका-घशात न अडकता ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. धुरळा खाली बसल्यावरही हे कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. एका रविवारच्या कामाने सिलिकोसिस होत नाही, पण दमा असलेल्याला झटका यायला तेवढी धूळ पुरते.

उपाय साधे आहेत. साध्या सिरॅमिक टाइलवर हातकटरने रेघ मारून ती मोडता येते. त्यात धूळ फारच कमी उडते. मशीन वापरायचंच असेल, तर पाणी सोडून कापणारं घ्या आणि ते शॉक लागल्यास वीज तोडणाऱ्या स्विचवर चालवा. कापणं घरात नको, गॅलरीत किंवा अंगणात करा. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा गॉगल हवा, कारण उडालेली कपची थेट बुबुळात रुतते. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवलेलं बरं.

आणि कारागीर मिळालाच तर? तुमच्या घरी एक दिवस उडणारी धूळ तो वर्षानुवर्षं रोज छातीत घेतो. सिलिकोसिसमध्ये फुफ्फुसांवर जे व्रण होतात, ते पुसणारं औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो. सिलिकाच्या धुळीने कर्करोग होतो, हेही सिद्ध झालं आहे. आमच्या वॉर्डात चाळिशीतला माणूस दोन जिने चढताना धापा टाकतो, तेव्हा मी आधी विचारतो, "काम काय करता?"

त्याला चहा विचाराल, तेव्हा एक बादली पाणी आणि एक मास्कही पुढे करा. पाणी सोडून कापायला थोडा जास्त वेळ लागला, तर घाई करू नका.