गल्ल्यात दीडशे, हातात पंचावन्न! शिकता शिकता कमवायचं, तर आधी हिशेब शिका

जवळा बाजार : शाळेतली आनंदनगरी सगळ्यांना माहीत आहे. कोणी भेळ विकतो, कोणी भजी, कोणी बोरांचे वाटे लावतो. संध्याकाळी लेकरू घरी येऊन सांगतं, "आई, तीनशे रुपये कमावले!" घरात सगळे खूश. पण बेसन घरचं, तेल घरचं, गॅसही घरचा. तो खर्च वजा केला तर हातात काय उरलं, हे मात्र कोणी विचारत नाही. लहान धंद्यातली पहिली चूक इथेच होते. गल्ला म्हणजे नफा नव्हे.

फॉर्मची फी, वह्या, मोबाईलचा रिचार्ज असे खर्च दहावी-बारावीनंतर वाढत जातात. सोयाबीन-हळदीचा भाव पडला की वडिलांकडे पैसे मागायला जीव धजत नाही. म्हणून अनेक मुलं-मुली चार पैसे स्वतः कमवायचा विचार करतात. विचार चांगला आहे, फक्त वाट नीट निवडली पाहिजे.

कमवा आणि शिका : आपल्याकडची जुनी वाट

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरिबाच्या मुलाने अंगमेहनत करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, हा 'कमवा आणि शिका'चा विचार त्यांनी महाराष्ट्रात रुजवला. आज अनेक विद्यापीठे आणि महाविद्यालये या नावाने योजना चालवतात. आपल्या कॉलेजात ती आहे का, याची कार्यालयात चौकशी करावी.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया हाताने करून शिकतात आणि गावाला लागणारी कामं मोबदला घेऊन करून देतात. गावाची गरज हाच त्यांचा धडा.

एका पिशवीचा हिशेब

हीच गोष्ट आपल्या बाजारपेठेत लावून पाहू. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तरी बाजारात बरेच जण पिशवी न घेताच येतात. दोन मैत्रिणींनी जुन्या साडीच्या पिशव्या शिवायचं ठरवलं असं समजा. एका साडीत साधारण दहा पिशव्या निघतात. (खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावच्या भावाने ते बदलून घ्यावेत.)

• दहा पिशव्या, प्रत्येकी १५ रुपये : गल्ला १५० रुपये
• जुनी साडी : ३० रुपये
• दोरा-सुई : १५ रुपये
• आईची शिलाई, पिशवीमागे ५ रुपये : ५० रुपये
• एकूण खर्च ९५ रुपये, नफा ५५ रुपये

साडी घरचीच असली आणि आई पैसे घेत नसली, तरी दोन्ही रकमा वहीत लिहायच्या. कारण उद्या शंभर पिशव्यांची ऑर्डर आली, तर साड्या विकत आणाव्या लागतील आणि आईला शेतातली रोजंदारी बुडवून मशीनवर बसावं लागेल.

डोकं कुठे चालवायचं?

आता पिशवीवर किराणा दुकानदाराचं नाव छापून दिलं तर? पुठ्ठ्यात अक्षरं कापायची आणि स्पंजने रंग लावायचा. दुकानदाराची जाहिरात होते, म्हणून तो २० रुपये द्यायला तयार होऊ शकतो. गल्ला २०० रुपये, रंगाचे १५ धरून खर्च ११० आणि नफा ९०. म्हणजे या एका कल्पनेने नफा ३५ रुपयांनी वाढला. कल्पना चांगली की नुसती हौस, ते असं वहीत कळतं.

तीन गोष्टी पाळाव्यात. आधी दहाच नग करून बघावेत. उधारी देऊ नये. कर्ज काढून सुरुवात करू नये. हळदीची पाकिटं, पापड, लोणचं असे खाण्याचे पदार्थ विकायचे असतील, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली मोठ्या माणसाच्या नावे नोंदणी करून घ्यावी.

पालकांनी हे लक्षात ठेवावं

१४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणं गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्याच आणि धोका नसलेल्या व्यवसायात मदत करण्यापुरती सूट आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. धंद्यापायी शाळा बुडत असेल, तर तो तोट्याचाच धंदा. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँकेच्या नियमांनुसार उघडता येतं. कमाई त्यात टाकायची सवय लावावी.

फोनवरच्या 'सोप्या' पैशांपासून सावध

"व्हिडिओ लाईक करा, घरबसल्या कमवा" असे मेसेज विद्यार्थ्यांनाच जास्त भुलवतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच येतात. मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा म्हणतात, आणि भरलेले परत येत नाहीत. याहून वाईट म्हणजे "तुझं बँक खातं आणि एटीएम वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" हे आमिष. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठवलं जातं आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. एवढ्यावरून नोकरीच्या वाटेत अडचण उभी राहू शकते. फसवणूक झाली तर न लाजता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

काम देणारा आधी पैसे मागत असेल, तर ते काम नव्हेच. पिशवीचे पंचावन्न रुपये थोडे वाटतील, पण ते कुठून आले हे वहीत दाखवता येतं. पुढच्या आनंदनगरीत लेकरू गल्ला घेऊन घरी आलं, की शाबासकी जरूर द्यावी. आणि सोबत एक वही द्यावी.