पाण्याखालच्या कुरणात कोण काय खातं?

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी समुद्री गवताच्या कुरणांची गोष्ट वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. त्या गवताचे जवळचे नातेवाईक आपल्याकडच्या गोड्या पाण्यात वाढतात. जाळ्यात गुंतून वैताग आणणारी हायड्रिला आणि लांब, चपट्या पानांची व्हॅलिस्नेरिया ज्या कुळातल्या, त्याच कुळातलं हॅलोफिला हे गवत कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात वाढतं. हे शेवाळ नव्हे. या वनस्पतींना मुळं असतात, फुलं येतात, बीही धरतं.

एवढं गवत, म्हणजे मासे ते चरत असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात समुद्री गवत थेट खाणारे मासे थोडेच. सशासारख्या तोंडामुळे इंग्रजीत ज्यांना रॅबिटफिश, म्हणजे ससामासा, म्हणतात ते, आणि पोपटमाशाच्या काही जाती. बाकीच्यांचं जेवण पानावर साचलेलं असतं. प्रत्येक पानावर सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर चढतो. तो खायला गोगलगायी, कोळंबीची पिल्लं, बारीक कवचधारी जीव येतात आणि मासे त्यांना टिपतात. वयाप्रमाणे आहारही बदलतो. पिल्लू असताना पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जरा मोठं झालं की कोळंबी-खेकड्यांची पिल्लं, आणि पुढे शिकारी जातींच्या बाबतीत दुसरे मासे. बऱ्याच जाती वाढीचा काळ गवतात काढून प्रवाळाकडे किंवा खोल पाण्याकडे सरकतात.

तलावातही हाच व्यवहार चालतो. माशाचं तोंड पाहिलं तरी तो काय खातो याचा अंदाज येतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळ तळाशी कुजलेला पालापाचोळा उपसतो. रोहूच्या ओठांना झालर असते. वाढलेला रोहू वनस्पतींवरचा थर आणि कुजका वनस्पतिजन्य माल खरवडतो. मरळ मात्र गवताच्या आडोशाला निश्चल थांबते आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की झडप घालते. तिची पिल्लंही त्याच गवतात लपून वाढतात.

गवत नाहीसं झालं की काय होतं, हे लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर दिसलं. तिथल्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची संख्या फार वाढली आणि त्यांनी समुद्री गवत बुडख्यापर्यंत चरून काढलं. मासे घटल्याची तक्रार मच्छीमार करत होते. 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जास्त चरलेल्या कुरणांत मासे कमी आढळले. कासवांनी एकही मासा खाल्ला नव्हता. त्यांनी माशांच्या अन्नाचा आणि लपण्याचा आधार काढून घेतला होता.

आपल्याकडे हे काम कासवाऐवजी गवत्या मासा करू शकतो. 1959 मध्ये हाँगकाँगहून भारतात आणलेला हा मासा घशातल्या दातांनी गवत कातरतो. हायड्रिला त्याच्या विशेष आवडीची, आणि कधी कधी तर एका दिवसात स्वतःच्या वजनाएवढी वनस्पती तो फस्त करतो. पोटात गेलेलं बरंचसं अर्धवट पचूनच बाहेर पडतं. शेततळ्यात, जिथे गवताचा अतिरेक झाला आहे तिथे, तो उपयोगाचा आहे हे मी मान्य करतो. पण गावतलावात त्याची बोटुकली बेहिशेबी सोडणं मला चुकीचं वाटतं. तिथे मरळ, वाम, खवली यांचं पोट त्याच गवतावर अवलंबून असतं.

गेलेलं गवत परत आणण्याची उलट बाजू पूर्व विदर्भात पाहायला मिळते. भंडारा-गोंदियातले जुने मालगुजारी तलाव मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या उपजीविकेचा आधार. बेशरम या झुडपाचं रान माजलं, बाहेरचं मत्स्यबीज आलं, तळातलं गवत गेलं आणि देशी मासे ओसरले. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्याच निरीक्षणावर काम उभारलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, कोण कुठे अंडी घालतो, हे जाळं टाकणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या तळाची नांगरणी केली आणि पावसाचं पाणी साचू लागताच हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि काठाला वाढणाऱ्या वनस्पती हातांनी लावल्या. या कामात स्त्रिया पुढे होत्या. अशा तलावांत देशी मासे पुन्हा दिसू लागले.

गवत जितकं जास्त तितकं बरं, असंही नाही. दिवसा प्राणवायू देणारी वनस्पती रात्री तोच वापरते. दाट माजलेल्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. मधलं पाणी मोकळं, काठाच्या उथळ पट्ट्यात गवत, हा मेळ धरावा लागतो. वाशिममध्ये एखाद्या तलावाचा ठेका देताना मत्स्यबीजाची संख्या ठरते. त्या करारात काठचं गवत राखण्याचीही एक अट घालता येईल. तिला खर्च जवळपास नाही, आणि मरळीच्या पिल्लांना पहिल्या पावसापासून तिचा उपयोग होईल.