‘होय’मागचा ‘नाही’ ओळखणारा लेखक

मार्च १९५० मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात टिमोथी इव्हान्स या तरुणाला फाशी देण्यात आले. स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर सिद्ध झाला होता. त्याच घराच्या तळमजल्यावर राहणाऱ्या जॉन ख्रिस्ती या गृहस्थाची साक्ष खटल्यात महत्त्वाची ठरली. तीन वर्षांनी उघडकीस आले, की हा ख्रिस्तीच अनेक स्त्रियांचा खुनी आहे. एका निरपराध माणसाला आपण फासावर चढवले, या शंकेने ब्रिटन अस्वस्थ झाला. प्रकरणाची फेरचौकशी व्हावी अशी मागणी विरोधी बाकांवरून करणाऱ्यांमध्ये मजूर पक्षाचे नेते सर फ्रँक सॉस्किस हे होते. १९६४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, सॉस्किस गृहमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी हीच मागणी त्यांच्या टेबलावर आली. त्यांनी ती फेटाळून लावली! पुढे दबाव वाढल्यावर त्याच वर्षी चौकशी नेमावी लागली आणि १९६६ मध्ये, दुसऱ्या गृहमंत्र्यांच्या कारकिर्दीत, इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली.

अनेकांना या घटनेत राजकारण्याचा दुटप्पीपणा दिसला. लंडनमधल्या एका पत्रकार-लेखकाला मात्र तिच्यात एक प्रश्न दिसला. माणूस तोच, प्रकरण तेच, पुरावे तेच. मग मधल्या काळात बदलले काय? बदलली होती ती फक्त खुर्ची. विरोधी बाकावरचा नेता मंत्र्याच्या खुर्चीत बसल्यावर त्याच्याभोवती असे कोणते वारे वाहू लागते, की कालचे त्याचे ठाम मत आज त्यालाच अडचणीचे वाटू लागते? या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांनंतर दूरचित्रवाणीवर अवतरले, तेही विनोदी मालिकेच्या रूपात. मालिका होती ‘येस मिनिस्टर’ आणि तो लेखक होता अँटनी जे.

विनोदी मालिकांचे लेखक बहुधा रंगभूमीवरून, नभोवाणीवरून किंवा विद्यापीठीय नाट्यमंडळांतून येतात. अँटनी जे यांचे आईवडील दोघेही नट होते. पण त्यांचा स्वतःचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १९३० मध्ये जन्मलेल्या या मुलाने केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याचा आणि तौलनिक भाषाशास्त्राचा अभ्यास केला. सक्तीची लष्करी सेवा आटोपून १९५५ मध्ये तो ‘बीबीसी’त दाखल झाला. चालू घडामोडींकडे मिश्कील नजरेने पाहणाऱ्या ‘टुनाइट’ या लोकप्रिय कार्यक्रमाच्या पहिल्या चमूत तो होता आणि पुढे त्याचा संपादकही झाला. रोज मंत्री, खासदार आणि अधिकारी यांची गाठ पडे. प्रश्नाला उत्तर न देता बोलत राहण्याची कला जवळून पाहायला मिळे. त्याच वेळी ‘बीबीसी’ हीदेखील एक प्रचंड सरकारसदृश संस्था होती. समित्या, टिपणे, मंजुऱ्या, बढत्या आणि एकमेकांच्या हद्दीवरून होणारे वाद यांचा अनुभव कार्यालयाच्या आतच मिळत होता. १९६४ मध्ये जे यांनी ही सुरक्षित नोकरी सोडली आणि स्वतंत्र लेखन सुरू केले.

पुढची पंधरा वर्षे त्यांनी जे लिहिले ते वरवर पाहता विस्कळीत वाटते. डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ या उपरोधिक कार्यक्रमासाठी ते आठवड्याच्या विषयावर विवेचन लिहून देत आणि त्याच्या आधारे इतर लेखक प्रहसने रचत. १९६७ मध्ये त्यांचे ‘मॅनेजमेंट अँड मॅकियाव्हेली’ हे पुस्तक आले. मोठी कंपनी ही एक प्रकारची राजसत्ताच असते, तिच्यातही दरबार, सरदार, मांडलिक आणि वारसाहक्काची भांडणे असतात. म्हणून व्यवस्थापन समजून घ्यायचे तर आधी राजकारणाचा इतिहास वाचा, असा त्याचा आशय. १९६९ मध्ये त्यांनी ब्रिटिश राजघराण्यावरील ‘रॉयल फॅमिली’ या गाजलेल्या माहितीपटाची संहिता लिहिली. १९७२ मध्ये नट जॉन क्लीझ आणि आणखी काही सहकाऱ्यांबरोबर ‘व्हिडिओ आर्ट्स’ ही कंपनी काढली. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी विनोदी चित्रफिती बनवणे हे तिचे काम. बैठका कशा घेऊ नयेत हे हसवत शिकवणारी त्यांची १९७६ सालची चित्रफीत अनेक देशांतील कचेऱ्यांत दाखवली गेली.

या साऱ्या कामांत सूत्र एकच होते. माणसे संस्थेत शिरली की कशी वागतात? जे यांचे उत्तर असे, की माणसे बहुतेक वेळा दुष्ट नसतात, मूर्खही नसतात. ज्या वागण्याचे बक्षीस मिळते तसे ती वागतात. हा विचार शास्त्रीय ग्रंथात मांडला तर मूठभर लोक वाचतात. त्याला पात्रे आणि प्रसंग मिळाले, तर सारा देश तो पाहतो.

त्यासाठी त्यांना जोडीदार मिळाला तो जोनाथन लिन. वयाने तेरा वर्षांनी लहान, केंब्रिजमध्ये कायदा शिकलेला, पण वृत्तीने रंगभूमीचा. नट, दिग्दर्शक आणि विनोदी मालिकांचा अनुभवी लेखक. संस्थांची नाडी जे यांना ठाऊक होती; प्रेक्षक कोणत्या शब्दाला हसेल, हे लिन यांना. राजकीय कलही दोघांचा एक नव्हता, आणि मालिका कोणत्याच पक्षाची झाली नाही यात त्याचाही वाटा असावा. अमेरिकेत अशा मालिका लेखकांचा ताफा लिहितो. ब्रिटनमध्ये एक किंवा दोन लेखकांनी वर्षाला सहा-सात भाग लिहावेत, अशी रीत होती. ‘येस मिनिस्टर’ आणि तिचा उत्तरार्ध ‘येस, प्राइम मिनिस्टर’ यांचे मिळून अवघे ३८ भाग झाले. ते सगळे या दोघांनीच लिहिले.

माहिती मिळवण्यासाठी दोघांनी आतल्या माणसांना गाठले. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या सचिव मार्शिया विल्यम्स आणि विल्सन व कॅलहन या दोन्ही पंतप्रधानांचे सल्लागार बर्नार्ड डोनह्यू यांनी त्यांना पडद्यामागच्या हकिगती पुरवल्या, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. माजी मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांच्या प्रसिद्ध रोजनिशीचाही उपयोग झाला. पहिला नमुना भाग १९७९ च्या आरंभीच तयार होता. पण निवडणूक तोंडावर असल्याने ‘बीबीसी’ने सावधपणे वाट पाहिली. अखेर २५ फेब्रुवारी १९८० रोजी मालिका सुरू झाली.

मालिकेचा सांगाडा अगदी साधा. जिम हॅकर हे नवे मंत्री, त्यांच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री ॲपलबी आणि या दोघांमध्ये सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड वूली. खाते काल्पनिक आणि मंत्र्यांचा पक्ष कोणता, हे शेवटपर्यंत सांगितलेच नाही. हॅकर यांना लोकांच्या भल्याची इच्छा आहे. पण त्याहून अधिक इच्छा आहे ती पुढची निवडणूक जिंकण्याची आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येण्याची. सर हम्फ्री विद्वान, सुसंस्कृत, कमालीचे कार्यक्षम. पण त्यांची निष्ठा खात्यावर आहे. मंत्री येतात आणि जातात, खाते राहते. म्हणून खात्याचा खर्च, कर्मचारी आणि अधिकार कमी होणार नाहीत याची काळजी घेणे, हीच त्यांच्या लेखी देशसेवा.

संघर्ष असा, पण त्यात आवाज कधी चढत नाही. सर हम्फ्री मंत्र्यांना कधीही ‘नाही’ म्हणत नाहीत. ते ‘होय’ म्हणतात आणि मग समिती नेमतात, अहवाल मागवतात, कायदेशीर अडचणी दाखवतात, योग्य वेळ अद्याप आलेली नाही असे सुचवतात. एवढ्याने भागले नाही, तर मंत्र्यांचा निर्णय ‘धाडसी’ असल्याची स्तुती करतात. हा एक शब्द ऐकताच हॅकर यांना घाम फुटतो. ‘विचाराधीन’, ‘यथावकाश’ आणि ‘उचित कार्यवाही’ या शब्दांचे खरे अर्थ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या विनोदाची फोड करून सांगण्याची गरज नाही.

१९८१ मधील एक भाग या लेखनपद्धतीचा उत्तम नमुना आहे. एक नवे रुग्णालय बांधून तयार आहे. पाचशे कर्मचारी तेथे काम करत आहेत, विभाग सुरळीत चालू आहेत, स्वच्छतेच्या पारितोषिकासाठीही ते स्पर्धेत आहे. नाही तो फक्त रुग्ण. हॅकर संतापतात. पण सर हम्फ्रींच्या उत्तरात तर्काची एकही कडी निखळलेली नाही. प्रशासन आहे, लेखा विभाग आहे, स्वयंपाकघर आहे. रुग्ण नाहीत हा काही या माणसांचा दोष नव्हे. प्रेक्षक खो खो हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते, की संस्था आपल्या उद्देशावाचूनही छान जगू शकते. आधीच्या पंधरा वर्षांत जे यांनी संस्थांविषयी जे लिहिले, ते सारे या एका रिकाम्या रुग्णालयात साठलेले आहे.

पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फाउल्ड्स यांच्या अभिनयाने ही पात्रे अजरामर केली. ‘बाफ्टा’ पुरस्कारांची रांग लागली. परंतु सर्वांत विलक्षण दाद मिळाली ती जिची टिंगल व्हायला हवी होती त्या सत्तेकडूनच. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्न यांच्याबरोबर एक छोटे प्रहसनच सादर केले. ते पंतप्रधानांच्या कार्यालयातच लिहिले गेले होते आणि अर्थशास्त्रज्ञांना रजा द्यावी, असा त्याचा विषय होता. दोन्ही नटांना हा प्रकार रुचला नव्हता. पुरस्कार स्वीकारताना लिन यांनी पंतप्रधानांचे आभार मानले ते विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपले योग्य स्थान त्यांनी अखेर स्वीकारल्याबद्दल. सारे सभागृह हसले. थॅचर मात्र हसल्या नाहीत, असे सांगतात.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. सत्तेची खिल्ली उडवणारी मालिका सत्ताधाऱ्यांना इतकी प्रिय का व्हावी? याचे एक उत्तर खुद्द जे यांच्या विचारांत सापडते. सरकारी यंत्रणा लोकहितासाठी चालते हा भ्रम असून मंत्री आणि अधिकारीही व्यापाऱ्यासारखाच स्वतःचा लाभ पाहतात, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्रीय विचारसरणीचा आपल्यावर प्रभाव होता, हे त्यांनी २००७ मधील एका माहितीपटात मोकळेपणाने सांगितले. मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांच्या ‘फ्री टू चूज’ या मालिकेची निर्मितीही ‘व्हिडिओ आर्ट्स’चीच. सरकारचा पसारा छाटायला निघालेल्या थॅचर यांना सर हम्फ्रींमध्ये आपलाच शत्रू दिसला असेल, तर त्यात नवल ते काय?

म्हणजे निव्वळ करमणूक समजून कोट्यवधी लोक ज्याला हसले, ते एक राजकीय प्रतिपादनही होते. त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. सारे अधिकारी सर हम्फ्री आणि सारे मंत्री हॅकर, असे एकदा मनात ठसले, की नागरिक रागावण्याऐवजी नुसता हसतो आणि सोडून देतो. कोणतीही चांगली योजना ऐकली तरी तो ‘यातून काही होणार नाही’ असे म्हणू लागतो. रुग्णालय रिकामे राहू शकते हे खरे. पण म्हणून रुग्णालयच बांधू नये, हे त्याचे उत्तर नव्हे.

तरीही मालिका टिकली, कारण लेखकाने आपल्या मतांना पात्रांच्या डोक्यावर बसू दिले नाही. सर हम्फ्रींचे म्हणणे अनेकदा खरेच बरोबर असते. उतावळ्या मंत्र्याच्या हातून देशाचे नुकसान होऊ नये, म्हणून कोणीतरी लगाम धरायला हवा, हे प्रेक्षकालाही पटते. शिवाय सर हम्फ्री अभिजात भाषांचे पदवीधर आहेत, जे यांच्यासारखेच. ज्या माणसाला लेखक वैचारिक विरोधक मानत होता, त्याला त्याने आपली विद्वत्ता आणि आपले उत्तमोत्तम संवाद दिले. १९८१ मधील एका भागात अधिकाऱ्यांच्या मानसन्मानाच्या हव्यासाची यथेच्छ थट्टा होती. १९८८ मध्ये त्याचे लेखक स्वतःच ‘सर’ अँटनी झाले. यातली गंमत त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुढे २०१० मध्ये दोघांनी याच पात्रांवर नाटक लिहिले आणि २०१३ मध्ये नवी मालिकाही आली. पण तिला पहिलीची सर आली नाही. २१ ऑगस्ट २०१६ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी सर अँटनी यांचे निधन झाले.

मालिकेची रूपांतरे तुर्कस्तानात झाली, नेदरलँड्समध्ये झाली. भारतात २००१ मध्ये ‘स्टार प्लस’वर ‘जी मंत्रीजी’ आली. त्यात फारुख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह झाले आणि जयंत कृपलानी सचिव राजनीश माथुर. मूळ कथानकांत फार फेरफार करावे लागले नाहीत, यात आश्चर्य नाही. स्पर्धा परीक्षेतून कायमस्वरूपी सनदी अधिकारी निवडण्याची शिफारस ब्रिटनमध्ये १८५४ साली झाली. त्या अहवालाचे एक लेखक चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी आपली कारकीर्द हिंदुस्थानातच सुरू केली होती, आणि येथील सनदी सेवेसाठी तशी परीक्षा लगेच पुढच्या वर्षी सुरू झाली. दोन्ही यंत्रणा एकाच मुशीतून निघालेल्या आहेत.

मुंबईतील राज्य सरकारच्या मुख्यालयाला पूर्वी ‘सचिवालय’ म्हणत. कारभार सचिवांचा नसून लोकनियुक्त मंत्र्यांचा आहे हे स्पष्ट व्हावे, म्हणून १९७५ मध्ये त्याचे नाव ‘मंत्रालय’ असे करण्यात आले. सर हम्फ्रींसमोर हा प्रस्ताव आला असता, तर त्यांनी तो तत्काळ, आनंदाने मंजूर केला असता. पाटी मंत्र्यांच्या नावाने लागली, की फायली शांतपणे आपल्या वाटेने जाऊ शकतात!